पक्षांचे जाहीरनामे शेजारी ठेवून मत ठरवायचं कसं? पद्धत, कागदपत्रं आणि हिशोब

ताळेबंद

मतदानाच्या आठ-दहा दिवस आधी सगळ्या पक्षांचे जाहीरनामे हातात येतात. शेती, महिला, तरुण, उद्योग अशी ठरलेली प्रकरणं. सलग वाचायला घेतले तर तिसऱ्या पक्षापर्यंत पोचेस्तोवर पहिल्याचं डोक्यातून गेलेलं असतं आणि सगळे सारखंच बोलतात असं वाटायला लागतं. ते सारखे नसतात, फक्त फरक दिसायला वाचायची रीत बदलावी लागते. ती रीत या धाग्यात नोंदवू. अमक्याला मत द्या असं कुणी कृपया लिहू नका. कागद कसा तपासायचा तेवढंच बोलू.

सुरुवात मी करतो. जाहीरनामा उघडायच्या आधी स्वतःचे प्रश्न लिहून काढा. चार किंवा पाच, जास्त नकोत. "आरोग्याचं काय?" हा प्रश्न फार मोघम आहे, त्याला प्रत्येक पक्षाकडे पानभर उत्तर असतं. "तालुक्याच्या रुग्णालयातली रिक्त पदं किती महिन्यांत भरणार, आणि भूलतज्ज्ञ मिळत नाहीत त्यावर उपाय काय?" असं विचारलं की बहुतेक जाहीरनाम्यांतली नव्वद टक्के वाक्यं आपोआप गळतात. आधी जाहीरनामा वाचला आणि मग प्रश्न काढले तर पक्षाला जे बोलायचं आहे तेच आपले प्रश्न होऊन बसतात.

मग एक तक्ता. आडव्या ओळीत प्रश्न, उभ्या रकान्यात पक्ष. प्रत्येक चौकोनात जाहीरनाम्यातलं वाक्य जसंच्या तसं आणि पान क्रमांक. सारांश लिहू नका. सारांश करताना आपल्या आवडत्या पक्षाचं वाक्य आपण नकळत जरा घट्ट लिहितो आणि नावडत्याचं सैल.

वाक्य उतरवलं की क्रियापदाखाली रेघ मारा. "देऊ", "भरू", "रद्द करू" हे वचन. "प्रयत्न करू", "प्रोत्साहन देऊ", "सक्षम करू" यांत मोजण्यासारखं काही नाही. "केंद्राकडे पाठपुरावा करू" म्हणजे पत्र पाठवू. "समिती नेमू" म्हणजे निर्णय अजून झालेला नाही. शेवटी बघा, त्या वाक्यात आकडा आहे का, मुदत आहे का, कोणाला मिळणार ते आहे का. तिन्ही असतील तर पुढे तपासण्यात अर्थ. एखाद्या चौकोनात काहीच सापडलं नाही तर "उल्लेख नाही" असं लिहा. रिकामा चौकोन पुष्कळ काही सांगून जातो.

जाणकारांनी भर घालावी.

अनुच्छेद

चांगला धागा. तक्त्याच्या दुसऱ्या पायरीत मी एक रकाना वाढवेन: हे काम कोणाच्या हातात आहे?

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत तीन सूची आहेत. संरक्षण, परराष्ट्र, रेल्वे, चलन, आयात-निर्यात केंद्राकडे. पोलीस, कायदा-सुव्यवस्था, सार्वजनिक आरोग्य, शेती, जमीन, पाणी, स्थानिक स्वराज्य संस्था राज्याकडे. शिक्षण (१९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीपासून), वीज, वनं, कामगार समवर्ती सूचीत, म्हणजे दोघांना कायदा करता येतो, पण विरोध आला तर कलम २५४ प्रमाणे सर्वसाधारणपणे केंद्राचा कायदा वरचढ.

याचा मतदानाशी संबंध असा. विधानसभेच्या जाहीरनाम्यात "हमीभाव वाढवू" असेल तर थांबा. हमीभाव कृषी खर्च व मूल्य आयोगाच्या शिफारशीवरून केंद्र सरकार ठरवतं. राज्याला त्यावर बोनस देता येतो, भावातला फरक खात्यावर टाकता येतो, खरेदी केंद्रं वाढवता येतात. यांतलं काय करणार ते लिहिलंय का? लिहिलं असेल तर ते वचन खरं, तपासण्याजोगं.

कांद्याचंही तसंच. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी, मे २०२४ मध्ये ती उठवून टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क, सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य काढलं आणि शुल्क २० टक्क्यांवर, १ एप्रिल २०२५ पासून शुल्क शून्य. हे सगळे निर्णय केंद्राचे. म्हणून निर्यातीचा प्रश्न लोकसभेच्या तक्त्यात घाला. विधानसभेच्या तक्त्यात कांदाचाळींचं (कांदा साठवायच्या शेडचं) अनुदान, बाजार समित्या, साठवणूक येतील.

करांचं बघा. "अमुक वस्तूवरचा जीएसटी शून्य करू" असं एकटं राज्य करूच शकत नाही. जीएसटी परिषदेत केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, सर्व राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश लागतात. पेट्रोल-डिझेल मात्र अजून जीएसटीबाहेर आहेत. त्यांवरचा राज्याचा व्हॅट कमी करू असं कोणी लिहिलं तर ते राज्याच्या हातातलं आहे. विचारायचं एवढंच की बुडालेला महसूल कुठून भरणार.

गटारी, कचरा, गल्लीतले रस्ते, पथदिवे महापालिका-नगरपालिकांकडे. खासदारकीच्या उमेदवाराने त्यावर भाषण केलं तरी त्याचा संबंध फार तर खासदार निधीपुरता, आणि तो निधी वर्षाला ५ कोटी, अख्ख्या लोकसभा मतदारसंघासाठी.

कोरडवाहू

कर्जमाफीच्या वचनांसाठी वेगळी तपासणी लागते, कारण तिथे रकमेपेक्षा अटी महत्त्वाच्या.

२०१७ च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत मर्यादा दीड लाखाची होती. थकबाकी त्यापेक्षा जास्त असेल तर वरची रक्कम शेतकऱ्याने भरायची, मग दीड लाखाचा लाभ. २०१९ च्या महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजनेत मर्यादा दोन लाख, आणि मुद्दल-व्याज मिळून थकबाकी दोन लाखांच्या वर गेलेलं खातं योजनेतच बसत नव्हतं. आकडा मोठा दिसत होता, पण दोन लाख दहा हजार थकलेल्याला त्या योजनेत काही नव्हतं. "दोन लाखांपर्यंतचं कर्ज माफ" आणि "कर्जातले दोन लाख माफ" ही दोन अगदी वेगळी वचनं आहेत. जाहीरनाम्यात यातलं कोणतं वाक्य आहे ते अक्षरशः बघा.

पुढचे प्रश्न: कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतचं कर्ज? फक्त पीककर्ज, की ठिबक, विहीर, ट्रॅक्टरसाठी घेतलेलं मध्यम मुदतीचंही? पुनर्गठन केलेलं (मुदत वाढवून नव्याने बांधलेलं) कर्ज धरणार का? निकष कुटुंब की खातेदार? ज्याने नियमित फेडलं त्याला काय? हा शेवटचा मुद्दा सगळ्यात उशिरा मार्गी लागतो. नियमित फेडणाऱ्यांना ५० हजारांपर्यंत प्रोत्साहन मार्च २०२० च्या अर्थसंकल्पात जाहीर झालं, शासन निर्णय २०२२ मध्ये निघाला.

"सरसकट" असं लिहिलेलं दिसलं तरी हेच प्रश्न विचारा. अटी शासन निर्णयात येतात, त्या जाहीरनाम्यात आधी लिहून देणारा पक्ष निदान विचार करून बसला आहे एवढं कळतं.

सायली_म

दर महिन्याला खात्यात पैसे अशा योजनांचा हिशोब सामान्य माणसाने कसा करायचा? एक पक्ष दीड हजार म्हणतो, दुसरा तीन. कुठला आकडा झेपणारा हे कळत नाही.

ताळेबंद

सायलीताई, हा हिशोब पोस्टकार्डावर मावतो. लाभार्थी गुणिले रक्कम गुणिले बारा. पाठ करून ठेवायचा आकडा एकच: एक कोटी लोकांना महिना १,००० रुपये म्हणजे वर्षाला १२,००० कोटी.

महाराष्ट्राचंच उदाहरण घेऊ. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना महिना १,५०० रुपयांनी सुरू झाली. त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत महायुतीने २,१०० चं आणि महाविकास आघाडीने ३,००० चं वचन दिलं. लाभार्थी २ कोटी ४० लाख धरले तर:

१,५०० ने वर्षाला ४३,२०० कोटी
२,१०० ने ६०,४८० कोटी
३,००० ने ८६,४०० कोटी

नुसता आकडा डोक्यात बसत नाही, म्हणून तो राज्याच्या महसुली जमेशेजारी (कर वगैरेंतून वर्षाला येणाऱ्या पैशाशेजारी) ठेवायचा. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात महसुली जमेचा अंदाज सुमारे ५ लाख ६१ हजार कोटी होता. म्हणजे अनुक्रमे साधारण पावणेआठ, पावणेअकरा आणि साडेपंधरा टक्के. त्याच अर्थसंकल्पात महसुली तूट जवळपास ४६ हजार कोटी दाखवली होती, म्हणजे नवा खर्च न वाढवताही रोजचा खर्च जमेपेक्षा जास्त. पगार, निवृत्तिवेतन आणि कर्जावरचं व्याज हे सरकारला टाळता येत नाहीत. त्यामुळे नवीन पैसे तीनच ठिकाणांहून येतात: कर वाढवून, कर्ज काढून, किंवा दुसऱ्या कामाचे पैसे कापून. तिसरं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात कमी दिसणारं. रस्त्याचा निधी, कंत्राटदारांची देणी, शिष्यवृत्त्या मागे पडतात आणि दोन वर्षांनी कळतं.

या तिन्हींपैकी कोणता मार्ग ते जाहीरनाम्यात असायला हवं. ज्याने लिहिलं त्याला माझ्या तक्त्यात एक गुण जास्त, मार्ग मला पटो न पटो.

उलटा हिशोबही करता येतो, आणि निवडणुकीनंतर तोच कामाला येतो. २०२५-२६ साठी या योजनेला ३६,००० कोटींची तरतूद होती. महिना १,५०० म्हणजे माणशी वर्षाला १८,०००. भागाकार केला की २ कोटी लाभार्थी येतात. २,१०० धरले तर जेमतेम १ कोटी ४३ लाख. म्हणजे एवढ्या तरतुदीत रक्कम वाढणार नाही आणि यादीही आक्रसण्याची शक्यता आहे, हे भाषण न ऐकता भागाकाराने समजतं.

जुन्या पेन्शनसारख्या वचनाला मात्र हे गणित पुरत नाही. राज्यात १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना ती लागू नव्हती, आणि त्यातले बहुसंख्य निवृत्त व्हायला अजून अवकाश आहे. पहिल्या पाच वर्षांत खर्च दिसत नाही, उलट नव्या पेन्शन योजनेत सरकार दरमहा भरतं ते अंशदान वाचल्यासारखं दिसतं. खरा बोजा पुढच्या दोन-तीन दशकांत येतो. अशा वचनाला पाच वर्षांचा हिशोब दाखवला असेल तर तो अपुरा समजा.

पाठपुरावा

सगळं मान्य. पण जाहीरनामा पाळला नाही म्हणून कोणावर कारवाई होते का? होत नाही. मग कागद इतका बारकाईने वाचून काय उपयोग?

अनुच्छेद

कारवाई होत नाही हे खरं. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या सुब्रमणियम बालाजी खटल्यात निवडणूक आयोगाला जाहीरनाम्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वं करायला सांगितली. त्यातून आदर्श आचारसंहितेत आठवा भाग आला. वचनामागचं कारण आणि त्याला लागणारा पैसा कसा उभारणार हे जाहीरनाम्यात ढोबळमानाने असावं, असं त्यात म्हटलंय. मात्र आचारसंहिता हा कायदा नाही आणि हिशोब न देणाऱ्या पक्षाला शिक्षा नाही. २०२२ मध्ये आयोगाने खर्चाचा ठरावीक नमुना भरून घ्यायचा प्रस्ताव पक्षांकडे पाठवला होता.

हे लागू करणारी यंत्रणा नाही म्हणूनच मतदाराने मागचा जाहीरनामा काढून बघायचा. पाठपुरावा, तुमच्या नावातच उत्तर आहे.

विदागार

मागचा जाहीरनामा तपासायची पद्धत मी लिहितो. आधी त्यातली दहाच वचनं निवडा, आणि निवडताना स्वतःच्या प्रश्नांशी जुळणारी घ्या. नाहीतर विरोधक पूर्ण न झालेली दहा दाखवतात आणि समर्थक झालेली दहा. मग प्रत्येकाचा माग तीन टप्प्यांवर काढा.

पहिला टप्पा शासन निर्णय. महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर विभाग आणि तारखेनुसार शोधता येतात. इथे घसरायला होतं ते मान्यतेच्या प्रकारावर. "तत्त्वतः मान्यता" म्हणजे कल्पना आवडली, पैसा नाही. "प्रशासकीय मान्यता" म्हणजे खर्चाचा आकडा मंजूर. त्यानंतर तांत्रिक मान्यता, मग निविदा, मग कार्यादेश, म्हणजे कंत्राटदाराला काम सुरू करायचा आदेश. भूमिपूजनाचा फलक दिसला तर कार्यादेशाची तारीख विचारा. तो निघालेला नसेल तर काम कागदावर आहे. निवडणूक जाहीर होण्याच्या आधीच्या आठवड्यांत शासन निर्णयांचा पूर येतो. त्यात तत्त्वतः किती आणि प्रशासकीय किती हे वेगळं मोजा.

दुसरा टप्पा तरतूद. अर्थसंकल्पाच्या पुस्तकात एकाच योजनेसमोर चार आकडे असतात: दोन वर्षांपूर्वीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज, पुढच्या वर्षाचा अंदाज. बातम्यांत शेवटचा येतो. आपण पहिला बघायचा. तरतूद दरवर्षी मोठी आणि प्रत्यक्ष खर्च दरवर्षी निम्मा, असं तीन वर्षं दिसलं तर ती योजना जाहिरातीपुरती आहे. डिसेंबर आणि जुलैच्या पुरवणी मागण्याही (वर्षाच्या मध्येच मागितलेला जादा पैसा) बघा, कारण पुष्कळ योजनांना मूळ अर्थसंकल्पात नाममात्र रक्कम असते.

तिसरा टप्पा खर्च. वित्त विभागाच्या बीम्स प्रणालीवर तरतूद किती, वितरित किती आणि खर्च किती ते विभागवार दिसतं. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात खर्चाचा आकडा एकदम उडी मारतो, म्हणून फेब्रुवारीअखेरचा आणि मार्चअखेरचा असे दोन्ही टिपा. कॅगचे (सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचे) अहवाल उशिरा येतात, पण पैसा ज्या कामासाठी होता त्यासाठीच गेला का हे तिथेच कळतं.

पाठपुरावा

पटलं. पण यात सत्ताधाऱ्यांचाच हिशोब होतो. विरोधी पक्षाला नुसत्या शब्दांवर जोखायचं, हे असमान नाही का?

विदागार

असमान आहे, आणि तुलना बिघडायचं हे मोठं कारण आहे. त्यावर दोन उपाय. विरोधी पक्ष आधी कधी सत्तेत असेल तर त्याच्या त्या कार्यकाळाला हेच तीन टप्पे लावा. काही पक्ष दुसऱ्या राज्यात सत्तेत असतात. तिथे तीच योजना किती जणांना, किती महिने सलग मिळाली ते बघा. राज्यांची आर्थिक ताकद सारखी नसते, म्हणून रक्कम तोलू नका, सातत्य तोला.

पक्ष अगदी नवा असेल तर सभागृहाबाहेरच्या कामावर आणि जाहीरनाम्याच्या नेमकेपणावरच जावं लागतं. अशा वेळी त्या रकान्यात "नोंद नाही" लिहावं. शून्य गुण देऊ नयेत, पूर्णही देऊ नयेत.

गावगाडा

माणूस बघायचा की पक्ष, यावर कोणी लिहिलं नाही अजून.

अनुच्छेद

दहाव्या अनुसूचीमुळे (१९८५ ची ५२ वी घटनादुरुस्ती) पक्षाने व्हिप (असंच मत द्या असा आदेश) काढला आणि आमदार-खासदाराने विरोधात मत दिलं तर सदस्यत्व जाऊ शकतं. त्यामुळे एखाद्या विधेयकावर तुमचा उमेदवार वैयक्तिकरीत्या काय मानतो याने मतदानात क्वचितच फरक पडतो. धोरणाच्या प्रश्नांसाठी पक्ष बघा. मतदारसंघाची कामं, प्रश्न मांडणं, समितीतलं काम, भ्रष्टाचार, यांसाठी माणूस बघा. तक्त्यात या दोन गोष्टी एकाच चौकोनात घालू नका, गोंधळ तिथूनच सुरू होतो. तो माणूस निवडून आल्यावर पक्ष बदलेल का, हा प्रश्न महाराष्ट्रातल्या मतदाराने विचारलाच पाहिजे. त्यासाठी त्याची मागची पंधरा वर्षं बघा.

विदागार

माणसासाठी मुख्य कागद नमुना २६ चं शपथपत्र. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर उमेदवारी अर्जासोबत लगेच चढतं. त्यात प्रलंबित गुन्हे, शिक्षा, उमेदवार-जोडीदार-अवलंबितांची मालमत्ता, कर्जं, सरकारी देणी, मागच्या पाच वर्षांचं प्राप्तिकर विवरणपत्रातलं उत्पन्न आणि शिक्षण असतं.

वाचताना होणाऱ्या चुका सांगतो. "इतके गुन्हे" हा नुसता आकडा फसवतो. आंदोलन केलं म्हणून जमावबंदी मोडल्याचा गुन्हा (जुन्या भारतीय दंड विधानात कलम १४३, १८८, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत १८९, २२३) आणि फसवणूक, खंडणी, महिलांवरील अत्याचार यांना एकाच मापाने मोजू नका. पुढच्या रकान्यात न्यायालयाने आरोप निश्चित केलेत का ते असतं. तिथपर्यंत पोचलेलं प्रकरण नुसत्या तक्रारीपेक्षा गंभीर. मालमत्तेचंही तसंच. मागच्या निवडणुकीचं शपथपत्र शेजारी ठेवा आणि वाढ दोन भागांत पाडा: जुन्याच जमिनीचा भाव वाढला तो एक, आणि नव्याने घेतलेल्या मिळकती दुसरा. दुसऱ्याची सांगड घोषित उत्पन्नाशी बसते का बघा.

गुन्हे दाखल असलेला उमेदवार दिला तर पक्षाने निवडीपासून ४८ तासांत त्याचं कारण स्वतःच्या संकेतस्थळावर टाकायचं, आणि स्वच्छ प्रतिमेचा दुसरा का मिळाला नाही तेही सांगायचं, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा आदेश आहे. निवडून येण्याची क्षमता एवढंच कारण चालत नाही. पक्षाने टाकलेली ही कारणं शोधून वाचा. "समाजसेवक, लोकप्रिय" एवढीच कारणं सगळ्या उमेदवारांना शब्द न बदलता लावलेली असतील, तर पक्ष या गोष्टीकडे किती गांभीर्याने बघतो ते कळलंच.

हजेरीबद्दल: मंत्री हजेरीपटावर सही करत नाहीत आणि प्रश्नही विचारत नाहीत, त्यामुळे त्यांचा शून्य दिसला तर तो दोष नव्हे. इतरांच्या प्रश्नांची संख्या मोजण्यापेक्षा चार तारांकित प्रश्न (मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचे) आणि लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे लक्ष वेधणाऱ्या सूचना) उघडून वाचा, विषय मतदारसंघाशी जोडलेला आहे का बघा.

सायली_म

आघाडी किंवा युती असेल तर कोणाचा जाहीरनामा वाचायचा? दोन मित्रपक्षांचे स्वतंत्र असतात, वर एक संयुक्तही असतो.

ताळेबंद

तिन्ही. एकाच आघाडीतल्या पक्षांची वाक्यं शेजारी ठेवा आणि विसंगती शोधा. एक म्हणतो प्रकल्प होणारच, दुसरा म्हणतो स्थानिकांचा विरोध असेल तर नाही. असा मुद्दा संयुक्त जाहीरनाम्यात गायब असेल तर निकालानंतरच्या किमान समान कार्यक्रमातही तो येण्याची शक्यता कमी. तुमचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न त्या गायब मुद्द्यांत असेल, तर त्या पक्षाचं त्यावरचं स्वतंत्र वचन तुमच्या तक्त्यात अर्धंच धरा. संयुक्त कागदात टिकलेलं वचन पूर्ण धरा.

रेघोटी

तक्ता भरला. आता बेरीज कशी करायची? परदेशात यासाठी संगणकीय साधनं आहेत म्हणे.

विदागार

जर्मनीत वाहल-ओ-मॅट २००२ पासून आहे, सरकारी नागरी शिक्षण संस्था चालवते. ३८ विधानं असतात, प्रत्येकावर सहमत, तटस्थ, असहमत. महत्त्वाच्या विधानाला दुप्पट वजन देता येतं. पक्षांनी स्वतः दिलेल्या उत्तरांशी तुमची उत्तरं जुळवून टक्केवारी येते. नेदरलँड्समध्ये तर १९८६ पासून एक स्वतंत्र आर्थिक नियोजन संस्था पक्षांच्या जाहीरनाम्यांचा खर्च मोजून प्रसिद्ध करते, अर्थात ज्यांनी तपासायला दिले त्यांच्याच. ती सोय आपल्याकडे यायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

त्यातली वजनाची कल्पना घरी वापरता येते. प्रत्येक प्रश्नाला १, २ किंवा ३ वजन. पक्षाची भूमिका तुमच्या बाजूची असेल तर +१, उलट असेल तर −१, उल्लेख नसेल तर ०. गुणाकार, बेरीज. पण वजनं जाहीरनामे वाचायच्या आधी ठरवून कागदावर लिहून ठेवा. नंतर ठरवलीत तर आवडता पक्ष जिंकेपर्यंत हात ती बदलत राहतो.

दुसरा धोका बेरजेचाच. एखादी गोष्ट तुम्हाला कुठल्याही परिस्थितीत नको असेल तर तिला वजन देऊ नका, ती वेगळी काढा. त्या एका कारणाने पक्ष किंवा उमेदवार यादीतून गेला. नाहीतर चार किरकोळ मुद्द्यांचे गुण मिळून तिला झाकून टाकतात. आणि दोन पक्षांत एक-दोन गुणांचाच फरक आला तर ती बरोबरी समजा आणि निवड मागच्या कामावर करा.

गावगाडा

आरक्षणाच्या वचनांना कोणता रकाना?

अनुच्छेद

"कायद्याची वाट" असा. इंद्रा साहनी निकालाने (१९९२) अपवादात्मक परिस्थिती सोडून ५० टक्क्यांची मर्यादा घातली. राज्याचा २०१८ चा मराठा आरक्षण कायदा सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०२१ ला रद्द केला, त्यानंतर २०२४ मध्ये १० टक्क्यांचा नवा कायदा आला. म्हणून "देऊ" किंवा "वाढवू" म्हणणाऱ्या कोणत्याही पक्षाला, कोणत्याही समाजाबद्दल, प्रश्न तेच: मर्यादेच्या आत की बाहेर? आत असेल तर कोणाच्या वाट्यातून? बाहेर असेल तर मागासलेपणाची आकडेवारी कोणता आयोग गोळा करणार, की घटनादुरुस्ती? घटनादुरुस्ती म्हटलं तर ती संसदेत होते, म्हणजे विधानसभेतल्या बहुमताने भागणार नाही. जाहीरनाम्यात यातली एकही वाट नसेल तर चौकोनात "मार्ग नाही" लिहा.

रेघोटी

आणि महापालिका, जिल्हा परिषदेला हीच पद्धत?

गावगाडा

थोडी बदलते. या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, शपथपत्रंही त्याच्याच संकेतस्थळावर. मुंबई सोडून महापालिकांत बहुसदस्यीय प्रभाग असतात. अ, ब, क, ड अशा प्रत्येक जागेसाठी स्वतंत्र मत असतं आणि चारही एकाच पक्षाला द्यायला हवीत असं नाही. त्यामुळे तक्ता जागेप्रमाणे करा. जिल्हा परिषदेत गटाला एक आणि पंचायत समितीच्या गणाला एक अशी दोन मतं. ग्रामपंचायत पक्षाच्या चिन्हावर होत नाही, तिथे गेल्या वर्षीचा ग्रामपंचायतीचा जमाखर्च आणि ग्रामसभेचं इतिवृत्त हेच जाहीरनामे.

महापालिकेचं वचन तपासायला त्या महापालिकेचाच अर्थसंकल्प लागतो. मालमत्ता कर माफ करू म्हणणाऱ्याला विचारा, एकूण उत्पन्नात त्या कराचा वाटा किती आणि तेवढं कुठून आणणार. पाणी चोवीस तास देऊ म्हणणाऱ्याला विचारा, धरणातला मंजूर कोटा किती, गळती किती टक्के, मीटर बसवणार का.

नोटाबद्दलही एक फरक आहे. लोकसभा-विधानसभेत नोटाला सर्वाधिक मतं पडली तरी उमेदवारांतला पहिला निवडून येतो. राज्य निवडणूक आयोगाच्या २०१८ च्या आदेशानुसार महापालिका-नगरपालिकांच्या निवडणुकीत नोटा पहिल्या क्रमांकावर आला तर त्या जागेची निवडणूक पुन्हा घ्यायची.

ताळेबंद

वेळेचं एक राहिलं. २०१९ पासून मतदानाच्या आधीच्या ४८ तासांत जाहीरनामा प्रसिद्ध करता येत नाही, पण पक्ष पार शेवटच्या दिवसांपर्यंत थांबतात. म्हणून प्रश्न, वजनं, मागच्या जाहीरनाम्याचे तीन टप्पे आणि शपथपत्रं हे सगळं आधीच उरकून ठेवा. नवा जाहीरनामा आला की फक्त चौकोन भरायचे. पाच प्रश्न आणि चार पक्षांना एक संध्याकाळ पुरते. सूचीवरून थेट त्या प्रकरणात जा, आणि सापडलं नाही तर पीडीएफमध्ये शोध घेऊन बघा. काही मराठी पीडीएफ जुन्या फाँटमध्ये असतात, त्यांत शोध चालत नाही. तिथे पानं चाळण्याला पर्याय नाही.

आणि डाऊनलोड केलेली फाईल पक्षाचं नाव, निवडणूक आणि तारीख घालून साठवा. निकालानंतर कित्येक जाहीरनामे संकेतस्थळावरून निघून जातात, आणि पाच वर्षांनी विदागार यांचे तीन टप्पे करायला हाच कागद लागतो.